सासूच्या घरचे तांदूळ

घर नको, म्हणूनही सह्या करायच्या असतात, हे मला जपानात येऊन कळलं. आमच्याकडे घर हवं म्हणून सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत. इथे माझा नवरा आणि माझी नणंद, एका आईची दोन मुलं, एका टेबलाशी शेजारी शेजारी बसून आईचं घर आपल्याला नको असं लिहून देत होती. पेन एकच होतं. 'घे तू', 'नाही, आधी तू' असं चाललं होतं. एरवी मला हसू फुटलं असतं. त्या दिवशी नाही फुटलं.

सासूबाई उन्हाळा संपता संपता गेल्या. त्यांचं घर नागोयाहून गाडीनं दोनेक तास आत, डोंगराच्या उतारावर. मागची दगडी भिंत फुगून पुढे आलेली. गावात दिवा लागणारी घरं कमी आणि बंद घरं जास्त. विकत घ्यायला कुत्रं फिरकत नव्हतं, पाडायचं तर जमिनीपेक्षा पाडणं महाग. आणि उद्या ती भिंत खालच्या घरावर आली तर जबाबदार कोण, तर मालक. नवऱ्याला हे लोढणं आपल्यामागे आमच्या मुलीच्या गळ्यात पडायला नको होतं. नणंदेला मूलबाळ नाही, पण तिचाही विचार तोच. इथे वारसाहक्क सोडायचा तर माणूस गेल्यावर थोडक्या महिन्यांत कोर्टात कळवावं लागतं. मला सगळं पटत होतं. डोक्याला पटत होतं, एवढंच.

कागद तयार करून देणारे गृहस्थ मोठे सज्जन होते. त्यांनी आम्हाला नीट समजावून सांगितलं की हक्क सोडायचा तो सगळाच. घर नको पण कपाट हवं, असं चालत नाही. घरातली एखादी वस्तू आपली म्हणून उचलली तर तुम्ही वारसा स्वीकारला असा अर्थ निघू शकतो, आणि मग सही गेली पाण्यात. फोटो घ्या. देवघरातली आईच्या नावाची पाटी घ्या, ती मालमत्तेत धरत नाहीत. फ्रिजमधलं सडकं टाकून दिलंत तरी हरकत नाही. बाकी कशालाही हात लावू नका, तेच बरं.

म्हणजे बघा, कचरा करायला परवानगी, ठेवून घ्यायला नाही.

"आणि तांदूळ?" मी विचारलं.

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. गृहस्थ म्हणाले, "तांदूळ म्हणजे?"

"काही नाही," मी म्हटलं. काय सांगणार होते त्यांना? की त्या घरातून मी लग्न झाल्यापासून एकदाही रिकाम्या ओटीनं निघाले नव्हते?

ते सुरू झालं माझ्या आईमुळे. लग्नानंतर आई पुण्याहून एकदाच इथे आली होती आणि आम्ही तिला डोंगरातल्या घरी घेऊन गेलो होतो. सासरे तेव्हा होते. निघायच्या वेळी आईनं पिशवीतून नारळ काढला, खण काढला, आणि सासूबाईंना उभं करून त्यांची ओटी भरली. विमानातून नारळ आणला होता बाईनं! सासूबाईंना पदर नव्हता, स्वयंपाकाचा एप्रन होता. त्यांनी तोच दोन्ही हातांनी धरला. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. मी माझ्या तेव्हाच्या मोडक्या जपानीत सांगितलं, आमच्यात निरोपाच्या वेळी बाईला असं देतात, पुन्हा भेट व्हावी म्हणून. सासूबाईंनी मान हलवली, आणि सगळं लक्षात ठेवलं.

पुढच्या खेपेला मी निघाले तर त्या दाराशी थांबल्या होत्या. "बस," म्हणाल्या. उंबऱ्याच्या पायरीवर मी बसले. त्यांनी तांदळाच्या डब्यातून ओंजळ भरून आणली, माझ्या स्कर्टवर ओतली, वर एक संत्रं ठेवलं. नारळाच्या जागी संत्रं. मी थक्क झाले. हसावं की रडावं कळेना, तर दोन्ही केलं. नवरा गाडीत बसून हॉर्न वाजवत होता.

मग ते ठरूनच गेलं. हिवाळ्यात संत्रं, शरदात काकी नावाचं इथलं केशरी फळ, कधी काही नसलं तर बटाटा. बटाट्याची ओटी भरलेली पुण्यात दुसरी बाई दाखवा मला. सासरे गेल्यावर मी जरा चपापले. आमच्याकडे विधवा बाई ओटी भरत नाही, पण हे त्यांना सांगायचं कुणी आणि कोणत्या तोंडानं? मी आईला फोन केला. आई जुन्या वळणाची. तरी ती म्हणाली, "तिला काही बोलू नकोस. घे मुकाट्यानं." मी घेत राहिले. ओटीचे तांदूळ जिचे तिनं खायचे, ही आईची शिकवण, म्हणून नागोयाला आले की त्याची वाटीभर खीर करायची आणि एकटीनं खायची. मुलगी जपानीत कुरकुर करायची, मला का नाही म्हणून. तुझी वेळ येईल तेव्हा, मी म्हणायचे.

हे सगळं त्या कागदवाल्या गृहस्थांना सांगायचं तर संध्याकाळ झाली असती.

दोन वर्षांपूर्वी मीही एक हक्क सोडला होता, पुण्यात. वडिलांच्या फ्लॅटमधला माझा हिस्सा भावाला दिला. हक्कसोडपत्र. रजिस्ट्रारच्या ऑफिसात ही गर्दी, पंखा डोक्यावर गरगरत होता. यंत्रावर अंगठा ठेवला, कॅमेऱ्यात बघितलं. "मॅडम, हसू नका," ऑपरेटर म्हणाला. मी कुठे हसत होते? तोंडच तसं आहे माझं. झालं, पाच मिनिटांत माहेरचं घर माझं राहिलं नाही. पण तिथून आम्ही घरी आलो, भावजयीनं पुरणपोळी केली होती, आणि निघताना तिनं मला पाटावर बसवून ओटी भरली. साडी, नारळ, तांदूळ. "वन्सं, पुन्हा या हं," म्हणाली. रीत म्हणून म्हणाली असेल, नाही असं नाही. पण मी विमानात बसेपर्यंत ते तांदूळ मांडीवरच्या पर्समध्ये चाचपत होते. हक्क सोडला होता, माहेर सोडलं नव्हतं. मला एवढं पुरलं.

तर शरद संपत आला होता आणि आम्ही डोंगरातलं घर शेवटचं बंद करायला गेलो. नवरा, मी आणि नणंद. नणंद त्सुकुबाहून आदल्या दिवशी नागोयाला आली होती. ती नवऱ्यापेक्षा मोठी, जन्मभर शाळेत शिकवलेलं, ताठ बसणारी, कमी बोलणारी. पुण्यात असते तर तिला वन्सं म्हटलं असतं. इथे ओनेसान म्हणते, म्हणजे ताईच. इतक्या वर्षांत आम्ही दोघी एकमेकींशी फक्त नीट वागलो. आईच्या अंत्यविधीलाही ती रडली नव्हती. आलेल्या प्रत्येकाला वाकून चहा देत होती. मला तेव्हा रागच आला होता तिचा.

घरात गेल्यावर तिनं बूट काढून सरळ लावून ठेवले आणि खिडक्या लावायला घेतल्या. नवरा पाण्याचा कॉक आणि विजेचं बटण बघायला मागे गेला. मी स्वयंपाकघरात फ्रिज रिकामा केला. कुजलेल्या भाज्या एका पिशवीत, डबे-बाटल्या धुऊन दुसऱ्या पिशवीत, झाकणं तिसऱ्यात. मेल्यावरसुद्धा या देशात कचरा वेगवेगळा केल्याशिवाय सुटका नाही! मग वळले तर ओट्याखाली तांदळाचा डबा.

मी झाकण उघडलं. अर्धा डबा भरलेला होता. किडा लागू नये म्हणून सासूबाईंनी टाकलेल्या सुक्या लाल मिरच्या वरच होत्या. मी हात आत घातला. तांदूळ थंड होता. कोपरापर्यंत हात घालून मी तशीच बसून राहिले.

"नको," मागून नवरा म्हणाला.

"एक मूठ."

"नको ना."

"अरे, एक मूठ तांदूळ! कोर्ट काय दाणे मोजायला येणार आहे का इथे?"

"एक मूठ झाली तरी आईचे तांदूळ आहेत ते. आई राहिली नाही, म्हणजे ते आमच्या हक्कातले. आणि हक्क आम्ही सोडलाय."

"तू माणूस आहेस की मशीन?"

हे मी मराठीत म्हटलं. त्याला कळतं. गाड्यांच्या कारखान्यात उभी हयात गेली त्याची, एक मिलिमीटर म्हणजे एक मिलिमीटर. तो रागावला नाही, माझ्याशेजारी उकिडवा बसला. म्हणाला, "या घरातून मलाही काही न्यायचं असेल, असं तुला वाटत नाही?" मी विचारलं, काय? तो म्हणाला, "सांगितलं तर न्यावंसं वाटेल." आणि माझा हात धरून हळूच डब्यातून बाहेर काढला, तळव्याला चिकटलेले दाणे एकेक करून आत झटकले, झाकण लावलं. त्याचे डोळे लाल झाले होते. मी उठले, पण मनातून धुमसत होते.

दाराला कुलूप लावलं. दाराशी ती पायरी होती, जिथे मी दर खेपेला बसायचे. मी तिच्याकडे बघायचंच नाही असं ठरवलं आणि गाडीकडे चालू लागले. नणंद मागे राहिली. बंद दाराकडे तोंड करून ती म्हणाली, "इत्ते किमासु."

घरातून बाहेर पडताना इथे रोज म्हणतात ते. जाऊन येते. आपल्याकडे कुणी जाते म्हणत नाही, येते म्हणतं, अगदी तसंच. त्याला घरातल्या माणसानं आतून उत्तर द्यायचं असतं, जा, नीट ये. ती तिथे उभी राहिली. सवयच असणार, जन्मभराची. उत्तर ऐकल्याशिवाय पाय उचलायचा नाही. मग तिनं वाकून नमस्कार केला आणि गाडीत माझ्या शेजारी मागच्या सीटवर येऊन बसली.

गाडी उतरायला लागली. मी खिडकीबाहेर बघत होते. माझे हात मांडीवर रिकामे पडले होते आणि मला माझंच वाईट वाटत होतं, खूप वाईट वाटत होतं.

"आज तुमच्या मांडीवर काही नाही," नणंद म्हणाली.

मी चमकून पाहिलं.

"आई द्यायची ना," ती म्हणाली. "तांदूळ आणि फळ. मी बघायची. दोनतीनदा आपण एकत्र निघालो होतो, तेव्हा."

"हो," मी म्हटलं. "आमच्याकडची रीत आहे ती."

"आईनंही तेच सांगितलं. मी एकदा विचारलं होतं तिला, मला का नाही देत? तर म्हणाली, ते भारतातलं आहे, सुनेचं आहे. तुला कशाला?" ती थोडं हसली. "मला लोणच्याची बरणी द्यायची, मुळे द्यायची. पिशवी जड व्हायची स्टेशनपर्यंत. जपून जा म्हणायची. काही कमी केलं नाही तिनं. पण ते मांडीवर घालणं... ते बघून मला वाटायचं, आपणही एकदा त्या पायरीवर बसावं."

अगं बाई, मी मनात म्हटलं, हे काय झालं! ओटी कुणाची भरतात? लेकीची. माहेरवाशिणीची. त्या घरची माहेरवाशीण ही. त्या पायरीवर बसायचा मान हिचा, आणि बसत होते मी. सासूबाईंचा काय दोष? परक्या मुलुखातून आलेल्या सुनेला तिच्या मुलखातलं काही मिळावं म्हणून त्या बिचाऱ्या जपत राहिल्या. आपल्या लेकीला तेच हवं असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल. आणि लेक साठी ओलांडेपर्यंत बोलली नाही. पुण्यात हक्क सोडला तर मला साडी मिळाली, पुरणपोळी मिळाली, पुन्हा या मिळालं. हिनं सही केली, खिडक्या लावल्या, बंद दाराला जाऊन येते सांगितलं, आणि आता स्टेशनवर उतरून ही बाई त्सुकुबाला जाणार होती. आईच्या नावाची पाटीसुद्धा, भाऊ हा मुलगा म्हणून, आमच्याकडे आली होती.

"गाडी थांबव," मी नवऱ्याला म्हटलं.

उतार संपतो तिथे रस्त्याकडेला गावातल्या शेतकऱ्यांची एक टपरी आहे. विकायला कोणी बसत नाही. माल ठेवलेला असतो, आपण घ्यायचा आणि डब्यात पैसे टाकायचे. नव्या तांदळाच्या छोट्या पिशव्या होत्या, संत्री होती. त्याच डोंगराचं पाणी, तीच माती. फक्त ते कोर्टाच्या भाषेत आईचे नव्हते. मी एक पिशवी आणि एक संत्रं घेतलं, डब्यात नाणी टाकली.

"ओनेसान, खाली उतरा."

"इथे?"

"इथेच. आणि घराकडे तोंड करा."

वरती झाडांमधून घराचं छप्पर तेवढं दिसत होतं. ती उतरली. काळा कोट, काळे बूट, शाळेच्या प्रार्थनेला उभी असावी तशी ताठ. मी तिला कोटाचं टोक दोन्ही हातांनी धरायला सांगितलं. हळद नाही, कुंकू नाही, पाट नाही, शेजारून ट्रक जातोय. म्हटलं चालवून घे ग आई. नवरा पिशवी धरून उभा राहिला, न सांगता. मी ओंजळ भरून तांदूळ तिच्या कोटात घातले. मग पुन्हा. मग पुन्हा. वर संत्रं ठेवलं.

ती रडायला लागली, अशी की मी घाबरलेच. मोठ्यानं, तोंड उघडून, लहान मुलासारखी. आणि रडतानासुद्धा कोटाचं टोक घट्ट धरून, एक दाणा सांडू न देता. नवरा दुसरीकडे वळून उभा राहिला. त्याचेही खांदे हलत होते.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "याच्यावर मी काय म्हणायचं असतं?"

"तुम्ही काही नाही. मी म्हणायचं असतं."

"काय?"

"पुन्हा या, असं."

"म्हणा ना मग."

मी वरती छपराकडे पाहिलं. मग म्हटलं, "पुन्हा या."

"हो," ती म्हणाली. कुठे, ते तिनं विचारलं नाही.

स्टेशनपर्यंत ती मांडीवर तांदूळ धरून बसली होती. पिशवीत घालते म्हटलं तर नको म्हणाली. शेवटी गाडी उभी केल्यावर मी ते तिच्या मफलरमध्ये बांधून दिले, वर गाठ मारली. गाठोडं छातीशी धरून ती फाटकातून आत गेली आणि मागे वळून पाहिलं नाही. आम्ही नागोयाला परतलो. घरी येऊन मी नवऱ्यावर उगाच चिडले, मग त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. त्या दिवशी आमच्याकडे खीर झाली नाही.

दुसऱ्या दिवशी नणंदेचा मेसेज आला. तिचे मेसेज नेहमी हवामानानं सुरू होतात आणि आभारानं संपतात. या खेपेला दोन्ही नव्हतं. लिहिलं होतं, "त्या तांदळाचा भात केला. नवऱ्याला दिला नाही. दार लावून एकटीनं खाल्ला. माफ करा."

ओटीचे तांदूळ जिचे तिनंच खायचे असतात, हे मी तिला सांगितलेलं नव्हतं.